सालदाराचा मुलगा अंगणवाडीत बोलत नाही, म्हणून घरातली कोरकू बंद करावी का?

ताई, बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वरूड तालुक्यात तुमचा संत्र्याचा बगीचा आहे. गेल्या पाडव्याला मेळघाटातून एक कोरकू आदिवासी कुटुंब सालदारीवर, म्हणजे वर्षभराच्या ठरावाच्या शेतमजुरीवर, आलं आणि बगीच्यातल्याच खोलीत राहू लागलं. नवरा-बायको, आठ-नऊ वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा. हा मुलगा जुलैपासून गावच्या अंगणवाडीत जातो, पण दिवाळी उलटली तरी तिथं त्यानं तोंड उघडलेलं नाही. सेविकेला वाटतं, पोरगं मुकं असेल नाहीतर डोक्यानं कमी असेल. गावातल्या कुणा शिकल्यासवरल्या माणसानं आईबापाला सांगितलं की घरातली कोरकू भाषा बंद करा, मराठीच बोला. त्यांनी ते ऐकलं. आता मुलगा घरातही गप्प गप्प राहतो आणि हे भलतंच होऊन बसलं की काय, अशी तुम्हाला शंका येते आहे.

शंका रास्त आहे. मी वाचा-उपचारतज्ज्ञ, म्हणजे लोक ज्याला स्पीच थेरपिस्ट म्हणतात तो. अमरावती, यवतमाळ, वर्धा या पट्ट्यात काम करतो. हाच प्रश्न कधी वीटभट्टीवरच्या छत्तीसगडी कुटुंबाबद्दल येतो, कधी कापसाच्या जिनिंगवर आलेल्या हिंदी भाषक मजुरांबद्दल. म्हणून आधी सरळ उत्तर देतो. कोरकू आजपासून परत सुरू करायला सांगा, त्यासाठी कुठल्याही तपासणीची वाट बघू नका. मुलामध्ये काही दोष आहे की नाही हे मात्र मी इथं बसून सांगू शकत नाही, आणि सेविकाबाईंनाही अंगणवाडीत बसून ते कळणार नाही. कारण त्यांच्यापुढे जे दिसतं ते एवढंच, की त्याला मराठी बोलता येत नाही. त्याला भाषा येते की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो कोरकूतच तपासावा लागतो.

हा फरक जरा सविस्तर सांगतो. ज्या मुलाला भाषेचीच अडचण असते, त्याची अडचण त्याच्या प्रत्येक भाषेत दिसते. घरी आजीशी कोरकूत धडाधडा बोलणारं आणि अंगणवाडीत मुकं होणारं पोरगं भाषेनं अडलेलं नसतं. ते नव्या जागेत नवी भाषा ऐकतंय, बस. उलट जे पोरगं कोरकूतही हात ओढून, बोट दाखवून, रडूनच भागवतं, त्याला मराठी कितीही ऐकवली तरी मूळ दुखणं तसंच राहील.

आता हे ओळखायचं कसं? तुम्हाला कोरकू येत नाही, मलाही कामापुरतीच येते. तरी काम होतं, फक्त आईला नीट विचारावं लागतं. ‘बोलतो का?’ असं विचारलं की आई ‘हो’ म्हणते, कारण समोर मालकीण उभी असते. त्याऐवजी असं विचारा: काल संध्याकाळी तहान लागली तेव्हा त्यानं पाणी कसं मागितलं? ‘डा’ म्हणाला, की तुझा पदर धरून मडक्याकडे नेलं? दोन-तीन शब्द जोडून बोलतो का? वावरात माकडं आली होती ती गोष्ट बापाला येऊन सांगतो का, की नुसतं ओरडून दाखवतो? ‘बापाला जेवायला बोलाव’ असं सांगितलं, हातानं काहीच दाखवलं नाही, तर जातो का? सगळ्यात कामाचा प्रश्न शेवटी विचारा: तुझी मोठी मुलगी याच्या वयाची होती तेव्हा एवढंच बोलायची का? या प्रश्नाला आई सहसा विचार करून उत्तर देते. तिनं मान हलवून ‘ही लवकर बोलली, हा नाही’ म्हटलं, तर ते मी कुठल्याही चाचणीच्या आकड्याइतकं गंभीरपणे घेतो.

आणखी एक सोपा उपाय आहे. तो बहिणीशी खेळत असताना मोबाइलवर पाच मिनिटं आवाज टिपून घ्या, त्याला कळू न देता. तो त्याच्या गावाकडच्या एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाला ऐकवा आणि विचारा, पोरगं काय म्हणतंय ते कळतं का? चौथ्या वर्षी मुलाचं बहुतेक बोलणं त्याच भाषेतल्या परक्या माणसालाही समजायला हवं. एखादा उच्चार बोबडा असला तर चालतं.

शब्द मोजायचे झाले तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा. मूल ‘डा’ म्हणत असेल आणि ‘खिचडी’ म्हणत असेल, तर दोन्ही त्याचेच शब्द. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एकेका भाषेतले शब्द कमी दिसतात, एकत्र मांडले की तूट बहुतेक भरून निघते. आपली गडबड अशी होते की आपण फक्त मराठीचं टोपलं मोजतो आणि पोरगं मागं आहे म्हणतो.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण गावात सर्रास ‘कोरकू म्हणजे आपल्याच भाषेचा बिघडलेला प्रकार’ असं ऐकू येतं. तसं नाही. कोरकू मुंडा कुळातली भाषा आहे. तिच्या बहिणी झारखंडकडच्या संथाली आणि मुंडारी. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही, शेजाराचं आहे. (आपल्याकडची गोंडी पुन्हा तिसऱ्याच, द्रविड कुळातली.) मराठीत प्रत्येक वस्तूला तो, ती, ते लावावं लागतं, कोरकूत नामांची मुख्य वाटणी सजीव आणि निर्जीव अशी असते. शिवाय एक आणि अनेक यांच्या जोडीला ‘दोघं’ असं तिसरं वचनही असतं. म्हणून हा मुलगा उद्या बोलायला लागला आणि ‘माय आला’, ‘बैल आली’ म्हणाला, तर तो दोष समजू नका. तो नव्या भाषेचे नियम चाचपतोय. तसं बघितलं तर तुमच्या अंगणवाडीतली मराठीही एक नाही. भिंतीवरच्या तक्त्यात ‘डोळा’ लिहिलंय आणि सगळी पोरं ‘डोया’ म्हणतात, ‘केळं’चं ‘केयं’ होतं. पुण्यामुंबईकडच्या मुलांवर बेतलेली उच्चारचाचणी आपल्या वऱ्हाडी पोरांना लावली तर अर्धा वर्ग बोबडा ठरेल! कोरकू मुलाला तर बाईंच्या तोंडची एक मराठी आणि तक्त्यावरची दुसरी, अशा दोन्ही एकदम पेलायच्या आहेत.

आता अंगणवाडीतल्या गप्प बसण्याबद्दल. घरची भाषा सोडून पहिल्यांदाच दुसऱ्या भाषेत पडलेली कितीतरी मुलं आधी काही काळ बोलतच नाहीत. काहींचे काही आठवडे जातात, काहींचे महिने, आणि मूल जितकं लहान तितका हा काळ बरेचदा लांबतो. या काळात ते रिकामं बसलेलं नसतं. नीट बघितलं तर दिसतं की बाई ‘हात धुवा’ म्हणाल्या की आधी बाकीच्यांकडे बघतं, मग उठतं. काही दिवसांनी न बघताच उठतं. गाण्यात तोंड हलवत नाही, पण हातवारे बरोबर करतं. आणि संध्याकाळी खोलीवर आल्यावर तेच गाणं बहिणीजवळ गुणगुणतं. बहिणीला विचाराच. असं काही दिसत असेल आणि कोरकू चांगली असेल, तर चार-पाच महिन्यांच्या मौनानं मी घाबरणार नाही. पण आधी विचारीन की तो रोज जातो का, की पावसाळ्यात निम्मे दिवस घरीच होता? त्या अंगणवाडीत तो एकटाच कोरकू आहे का? पोरं चिडवतात का? महिन्यातले आठ दिवस जाणाऱ्या मुलाचे जुलैपासूनचे महिने कागदावरच असतात.

काही मुलं मात्र नवी भाषा समजायला लागल्यावरही, घरी भरपूर बोलत असूनही, ठरावीक ठिकाणी जिभेला कुलूप लागल्यासारखी होतात. त्यामागे हट्ट नसतो, भीती असते. दुसऱ्या भाषेच्या मुलांमध्ये हे जास्त दिसतं. होळीनंतरही मौन असंच राहिलं तर त्या दिशेनं बघावं लागेल, आज नाही.

मग घरात कोरकू बंद करण्यानं बिघडलं काय? आईबापाची मराठी कुठं शिकली गेलीय ते आठवा. वावरात, बाजारात, मुकादमाकडून. ‘इकडं ये’, ‘पाणी सोड’, ‘पेटी उचल’, ‘कितीले देता’, एवढ्यातच ती फिरते. त्या मराठीत आई पोराला गोष्ट कशी सांगेल? आजारी पडला तर कुठं दुखतंय हे कसं खोदून विचारेल? पोरानं ‘असं का?’ विचारलं तर काय सांगेल? परिणाम असा होतो की आई बोलणंच कमी करते, आणि जेवढं बोलते ते हुकूम सोडल्यासारखं. मुलाला दिवसभरात मिळणारं खरं संभाषण तेवढंच होतं, तेही गेलं. तो घरात गप्प झाला तो याच्यामुळे असण्याची शक्यता मला जास्त वाटते. शिवाय दुसरी भाषा पहिलीच्या आधारानं येते. ‘का’, ‘म्हणून’, ‘आधी’, ‘नंतर’ या गोष्टी कोरकूत पक्क्या झालेल्या मुलाला मराठीत फक्त नवा शब्द शिकावा लागतो. ज्याला त्या कुठंच मिळाल्या नाहीत, त्याला सगळंच शिकावं लागतं.

दोन भाषा एकदम ऐकल्यानं मूल उशिरा बोलतं, ही समजूत डॉक्टरांमध्येही भेटते, पण तिला आधार नाही. ऐकू कमी येणारी, स्वमग्न, डाउन सिंड्रोम असलेली मुलंसुद्धा दोन भाषा शिकतात, त्यांच्या त्यांच्या वेगानं. आपल्या विदर्भातच बघा. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं गडचिरोलीत चामोर्शी-मुलचेराकडे आहेत, गोंदिया जिल्ह्यात गोठणगावाजवळ तिबेटी वसाहत आहे. तिथं घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी, अशा पिढ्या वाढल्या. आणि आपल्यातले किती जण घरी वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी आणि पिक्चरमध्ये हिंदी असेच वाढलो.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की काळजीचं कारण नाही, होईल हळूहळू. थांबा. दुसरी चूक इथंच होते आणि माझ्या अनुभवात ती जास्त महाग पडते. ‘परक्या भाषेचं पोरगं आहे, येईल’ म्हणत ज्यांच्याकडे दोन-दोन वर्षं कुणी बघितलं नाही आणि शेवटी ऐकूच कमी येत होतं असं निघालं, अशी मुलं मी बघतो. भाषेचं कारण इतकं सोयीचं असतं की त्याच्या आड बहिरेपण सहज लपतं.

म्हणून कान तपासणी करायचीच, कोरकू चांगली असली तरी. आईला विचारा: कान कधी फुटला होता का, उशीवर पू किंवा वास येतो का, सर्दी सतत असते का? कान वाहतो म्हणून कोमट तेल टाकलं असेल तर ते थांबवायला सांगा. मधल्या कानात पाणी साचलं तर ऐकणं आज बरं आणि उद्या कमी, असं होतं; घरचे म्हणतात ‘त्याला ऐकू येतं, पण लक्षच देत नाही’. पाठीमागून हळू आवाजात त्याच्या आवडीच्या खाऊचं नाव कोरकूत घेऊन बघा. ताट वाजवून बघू नका. मोठ्या आवाजाला तर कमी ऐकणारं मूलही वळतं, आणि ताटाचा हादरा जमिनीतूनही कळतो. अर्थात हा घरगुती अंदाज झाला. नक्की काय ते कानाच्या डॉक्टरकडे आणि ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडेच कळतं, आणि मूल उत्तर देत नसलं तरी यंत्रानं तपासता येतं. ‘बोलत नाही, मग तपासणार कसं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

काही गोष्टी दिसल्या तर महिनाभरही थांबायचं नाही: कोरकूतही दोन शब्द जोडत नाही, नावानं हाक मारल्यावर वळत नाही, एखादी गोष्ट दाखवण्यासाठी बोट करत नाही, इतर पोरांकडे बघतही नाही, किंवा आधी बोलायचा ते शब्द गेले. शेवटच्या गोष्टीबद्दल आईला खोलात विचारा, कारण तुमच्या बाबतीत तो कोरकू बंद केल्यावर गप्प झालाय. परत सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत बोलणं परतलं, तर चांगली खूण. नाही परतलं, तर जिल्ह्याला घेऊन या.

जायचं कुठं? २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक गाडी घेऊन वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं आणि मुलं तपासतं, त्यात वाढ आणि विकासातला उशीरही बघतात. पुढची तपासणी जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते, पैसे लागत नाहीत. अडचण अशी की स्थलांतरित मुलाचं नाव गावाकडच्या यादीत असतं, मूल इकडं असतं, आणि पथक आलं त्या दिवशी ते धुऱ्यावर खेळत असतं. सेविकाबाईंना पोषण ट्रॅकरमध्ये, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी ॲपमध्ये, त्याला इकडच्या अंगणवाडीत घ्यायला सांगा, स्थलांतरित कुटुंबांसाठी तशी सोय त्यात आहे. पथकाची तारीखही विचारून ठेवा. त्या दिवशी आईला अर्ध्या दिवसाची सुट्टी द्या, मजुरी न कापता. तिच्याशिवाय तपासणीला अर्थ नाही, कारण मुलाची कोरकू फक्त तिलाच माहीत आहे.

सुट्टीवरून आठवलं. तुम्ही मालकीण आहात, हे या प्रकरणात फार मोठं आहे. त्या शिकल्यासवरल्या माणसाचं त्यांनी ऐकलं ते पटलं म्हणून नाही, मोठ्या माणसाला नाही म्हणता येत नाही म्हणून. त्यामुळे ‘कोरकू बोला’ हे माझ्यासारख्यानं लिहून काही होणार नाही, तुम्हीच सांगा. जमल्यास सेविकाबाईंसमोर सांगा. तुम्ही खोलीकडे गेलात आणि ते बोलता बोलता थांबले, तर हसून म्हणा, बोला ना. आणि तुम्ही स्वतः मुलाशी तुमच्या वऱ्हाडीतच बोला, त्याच्यासाठी मुद्दाम पुस्तकी मराठी नको. बगीच्यात संत्री वेचताना, पाणी सोडताना, जे हातात आहे त्याचं नाव घेत बोलायचं. उत्तर मागायचं नाही. तुमची मुलं त्याच्याशी खेळत असतील तर मराठी तिथूनच सगळ्यात लवकर येईल. खोलीत त्याला शांत बसवायला हिंदी कार्टून लावून मोबाइल देत असतील, तर तो कमी करायला सांगा. कार्टून त्याला परत काही विचारत नाही.

सेविकाबाईंना दोष देऊ नका, त्यांच्याकडे पंचवीस पोरं आणि ढीगभर रजिस्टरं असतात. त्यांच्याकडून दोन-तीनच गोष्टी हव्यात. ‘पाणी म्हण, मग देईन’ हे बंद. तोंडानं उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न विचारण्याऐवजी हातानं करता येईल असं काम सांगायचं: चटई आण, ताटल्या वाट. तो ‘बैल आली’ म्हणाला तर हसायचं नाही, ‘हो, बैल आला’ एवढं म्हणून पुढं जायचं. आणि बहिणीकडून पाणी, जेवण, शी-शू, दुखतंय एवढे कोरकू शब्द लिहून घ्यायचे. शी लागलेली सांगता येत नाही म्हणून अंगणवाडीची धास्ती घेतलेली पोरं मी बघितली आहेत. तेवढा एक शब्द बाईंना कळला की मूल सैल होतं.

बहिणीचं थोडं वेगळं. ती भावाच्या वतीनं सगळं बोलते का? तो नुसता तिच्याकडे बघतो आणि ती मागून देते, असं बहुतेक घरांत असतं. तिला सांगा, त्याच्या वतीनं लगेच बोलू नको, थोडं थांब. पण ती शाळेत जाते ना? भावाला सांभाळायला घरी राहत असेल तर तो प्रश्न आधी सोडवा, तिचं वय शाळेचं आहे.

त्याला मराठी यायला किती दिवस लागतील, हेही विचारलंय तुम्ही. खेळण्या-भांडण्यापुरती मराठी एक-दोन वर्षांत येते. पाठ्यपुस्तकाची भाषा, गणितातलं शाब्दिक उदाहरण समजण्याइतकी, यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. कॅनडात स्थलांतरित मुलांवर काम करणाऱ्या जिम कमिन्स यांनी हा फरक १९७९ मध्ये मांडला आणि तो मला इथं वारंवार दिसतो. पहिली-दुसरीत तो मस्त वऱ्हाडी बोलेल आणि तरीही पुस्तकात अडखळेल. तेव्हा गुरुजींनी ‘बोलतो तर चांगला, मग अभ्यासात आळशी आहे’ म्हणू नये, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवतो.

एका गोष्टीवर मात्र तुमचा-माझा ताबा नाही. होळीला ते गावी जातील. कोरकूंचा तो सगळ्यात मोठा सण, लवकर परतणार नाहीत, आणि परत आल्यावर मुलगा पुन्हा काही दिवस अंगणवाडीत गप्प राहील. त्याला मागं गेलं समजू नका. आणि पाडव्याला सालदारी बदलली तर अंगणवाडी बदलेल, बाई बदलतील, कदाचित पुढचा मालक हिंदी बोलणारा असेल. त्याआधी एका कागदावर लिहून आईजवळ द्या: कान कधी आणि कुठं तपासले, निकाल काय आला, घरी कोणती भाषा, कोरकूत केवढी वाक्यं बोलतो, मराठी किती समजते. त्याचा मोबाइलवर फोटो काढून बापाच्या फोनमध्येही ठेवा, कागद पावसात जातात.

आईच्या उत्तरांपैकी मला तीन गोष्टी कळवा: तो कोरकूत दोन-तीन शब्द जोडतो का, बहिणीच्या तुलनेत आईला कसा वाटतो, आणि कान कधी वाहिला होता का. कान वाहिला असेल तर माझ्या उत्तराचीही वाट बघू नका, ग्रामीण रुग्णालयात दाखवून जिल्ह्याची चिठ्ठी घ्या.